रुसलेली काळी माती

ये बाई, जरा जवळ सरक. मातीत काय एवढं सांगण्यासारखं, असं तोंड वाकडं करू नकोस; रोज तिच्यातलंच खातेस. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आम्ही इथे न्यूझीलंडला, रोटोटुनात नव्या घरी आलो होतो. सून नर्स. तिला पहिल्यांदाच दिवस गेलेले, आणि घटही तिचा पहिलाच. इथे नवरात्र वसंतात येतं, म्हणजे पेरणीचा मुहूर्त तरी चुकत नाही.

मुलाने डोंगरावरच्या कुरणातून माती आणली. काळीभोर. आपली काळी मातीही ज्वालामुखीच्या दगडाची, हीही ज्वालामुखीचीच. म्हटलं, सख्ख्या बहिणी, स्वभाव सारखाच असणार. घरच्या रीतीने मी ती हीटरपुढे खडखडीत वाळवली, चाळली, परडीत पसरली, गहू पेरले, वर घट मांडला.

पाणी घातलं तर बाईसाहेबांनी थेंब अंगाला लावून घेतला नाही. सगळं घरंगळून थेट नव्या कार्पेटवर. आपली माती ओली झाली की हात सोडत नाही. ही नुसती टाल्कम पावडर. हिची खोड अशी, की डोंगरावर ओली असते तोवर स्पंजासारखं पाणी धरते. एकदा पार वाळली की रुसते, मग प्यायलाच तयार नाही. आणि मी तर तिला शेक देऊन वाळवलेली.

मुलगा म्हणाला, "आई, इट्स फाइन, दुसरी परडी करू."

घट म्हणजे केकच की नाही, बिघडला की दुसरा. मांडलेला घट हलवत नाहीत, हे इंजिनिअरांना शिकवत नसावेत.

सून ड्युटीवर निघताना आधी परडीत वाकून बघायची, आणि हात पोटावर जायचा. चौथ्या माळेला म्हणाली, "आई, उगवलंच नाही तर?"

"नर्सबाई, गव्हाने तुमचे रिपोर्ट वाचलेले नाहीत."

म्हटलं खरं, पण माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. मुलाला परत डोंगरावर पिटाळलं, ओलीच माती आण म्हणून. घट न हलवता ती भोवती पसरली, भिजवलेले गहू टाकले, वर ओलं फडकं. आता मात्र निमूट प्यायली.

आठव्या माळेला कोंब आले, एका बाजूला दाट, दुसरीकडे टक्कल. सून बघत बसली आणि ड्युटीला उशीर झाला. दसऱ्याला तिने त्याच कोंबांचा तुरा केसांत खोवला आणि पोटभर जेवली.

तेव्हा पोटात होती ती पोर, म्हणजे तुझी आई, आता माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. माझी बाजू घ्यायला तरी तिच्या पोटातून लवकर बाहेर ये.