आण्णाची फिरती बत्ती

आमच्या आण्णाचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. माझा थोरला भाऊ तो, पलटणीत इंजिनाची कामं शिकून आलेला. लढाईच्या दिवसांत वडूजजवळच्या माळावर सरकारनं विमानं उतरवायला पट्टी केली आणि तिथल्या मनोऱ्यावरची फिरती बत्ती आण्णाच्या ताब्यात दिली. काचेवर धूळ राहिली म्हणून त्यानं पुसणाऱ्या गड्याच्या अशी कानफटात मारली होती, की गडी जिन्यावरून गडगडत खाली आला.

परगावाहून कुणी आलं की आण्णा वाटेतच गाठायचा. "बत्ती कुठनं दिसली? फिरताना दिसली, का नुसती जळताना?" एवढं काय त्यात, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "अगं, वरनं समदे जाळ सारखेच दिसत्यात. कुणाची चूल, कुणाचं सरण. फिरंल ती आपली. वरच्या माणसाला हाक मारून सांगता येत न्हाई."

बेचाळीसच्या चळवळीत आमच्याकडं तारा तुटल्या, चावड्या जळाल्या. त्या दिवसांत एकदा दिवेलागणीला मी आण्णाची भाकरी घेऊन गेले, तर मनोऱ्याखाली आण्णाच्या समोर आमच्याच भावकीतला शिवराम उभा. सोबत चार पोरं, हातात कुऱ्हाडी. आभाळ गच्च भरलेलं आणि वर विमानाची घरघर.

"गोऱ्याची बत्ती हाय, आण्णा. बाजूला हो."

"इमान उतरू दे. मग मीच फोडतो."

"आमची माणसं तुरुंगात मरत्यात. वरचा एक मेला तर मरू दे."

शिवरामनं घातलेली कुऱ्हाड आण्णाच्या खांद्यात बसली. आण्णानं इंजिनाचं लोखंडी हँडल फिरवलं. शिवरामचा जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. तेवढ्यात पोरांनी बत्ती फिरवणारी मोटार फोडली आणि शिवरामला उचलून ओढ्याकडं पळाली.

बत्ती जळत होती, पण फिरायची थांबली होती. आण्णा रक्त गाळत वर चढला. तिच्या तापलेल्या पत्र्याला दोन्ही हात लावून ती ढकलत फिरवू लागला. कातडी जळल्याचा वास खालपर्यंत आला. "आण्णा, सोड," मी म्हणत राहिले. विमान पट्टीला लागेपर्यंत त्यानं सोडली नाही. आतून कोवळा गोरा पोरगा उतरला आणि तिथंच मातीत बसला.

पोलीस आले, त्यांनी हल्ला करणाऱ्यांची नावं विचारली. "अंधार व्हता," आण्णा म्हणाला. फौजदारानं फुटक्या खांद्यावरच दांडकं घातलं आणि पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

सांगलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत जखम सडली होती. खाटेपाशी बसून मी शिवरामला शिव्याशाप देत होते. आण्णानं डोळे उघडले. "त्याला बोल लावू नगंस. बत्ती फोडायचीच व्हती. पर माणूस खाली आल्यावर." त्यानंतर तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी गेला.

शिवराम लपूनछपून राहिला तो स्वातंत्र्य आल्यावरच गावात दिसला. आला तो सरळ आमच्या दारात. मी आण्णाचं शेवटचं बोलणं होतं तसं सांगितलं. वाकड्या तोंडानं त्याला धड बोलता येईना. तो उंबऱ्याबाहेर बसला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यानं घेतला नाही. मग तांब्या मध्ये ठेवून मीही त्याच्याजवळ भुईवर बसले.