चौघांनी परस्पर ठरवलेली हळद

१० फेब्रुवारी, मंगळवार. गुरुवारच्या हळदीच्या जेवणाचं सामान शेवटचं तपासायला बसले होते. मी केटरिंगचा धंदा करते. पनवेलच्या खांदा कॉलनीत तळमजल्यावर ऑफिस, मागे गोदाम. हळद करंजाड्याच्या पलीकडच्या एका गावात, आगरी घरातली, पाचशे पानांची. तांदूळ, वाल, पनीर, गॅस, वाढपी, टेम्पो, सगळं जागच्या जागी होतं. फक्त मटण नव्हतं.

आगरी घरात लग्नाला एखादा आला नाही तरी चालतं. हळदीला अख्खा गाव जेवतो, आणि मटणासाठीच जेवतो. पण चूक म्हणावी तर कुठे खोट सापडेना. मटण नाही म्हणून मटणाचा आचारी नाही, मोठे टोप नाहीत, कांदा कमी, पनीर वाढवलेलं. सगळ्याचा सगळ्याशी मेळ होता.

हा मेळ आमच्या सॉफ्टवेअरने घातला होता. माझी धाकटी जाऊ माझ्याबरोबर ऑफिस सांभाळते. तिने ते आणलं. त्यात चार एआय मदतनीस आहेत. पहिला गिऱ्हाइकांचे व्हॉइस मेसेज ऐकून लिहून काढतो, दुसरा त्यावरून सामान मांडतो, तिसरा तपासतो, चौथा दुकानदारांना आणि आचाऱ्यांना कळवतो. जाऊ त्यांना चौकडी म्हणते.

जुन्या आवृत्तीत ही चौकडी एका घरात राहून अबोला धरल्यासारखी वागायची. दुसऱ्याने भाकऱ्या वाढवल्या तर चौथ्याला पत्ता नसे. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा माझ्या फोनवर. एक जण अडकला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग नवी आवृत्ती आली. आता एकाला कळलं ते चौघांना कळतं. एकमेकांचं काम तपासतात, शंका आली तर आधी आपापसात विचारतात, आणि काम अडलं असेल तिथूनच पुढे नेतात. फरक खरा होता, नाकारण्यात अर्थ नाही. माझा फोन दुपारभर गप्प राहू लागला. मला मात्र चैन पडेना. गोदामात जायचं, परत यायचं, लावलेले टोप पुन्हा लावायचे.

"वहिनी, फोन वाजला की चिडता, नाही वाजला की फेऱ्या मारता," जाऊ म्हणाली. "बसा की जरा."

मटणाचं सांगितल्यावर मात्र तीही खुर्ची ओढून माझ्याजवळ आली.

नव्या आवृत्तीत चौघांचं आपापसातलं बोलणं वाचता येतं. ते उघडलं. पहिल्याने मेसेज लिहून काढला होता: 'गुरवार हाय, वशाट कराचा नाय.' वशाट म्हणजे मांसाहार, एवढं तो शिकला होता. दुसऱ्याला शंका आली होती, की याच घरात मुलाच्या हळदीला मटण होतं. तिसरा म्हणाला, बरीच घरं गुरुवार पाळतात, तेव्हा हे बरोबर वाटतं. दुसऱ्याने मानलं. चौथ्याने लगेच खाटकाला नको म्हणून कळवलं. खाली लिहिलं होतं, शंका मिटली.

"किती समजूतदार," जाऊ म्हणाली. "आपलं दोघींचं लोणच्यात मेथी किती घालायची ते अजून ठरलेलं नाही."

"शंका होती ना? मग ती माझ्याकडे यायला हवी होती."

"तुम्हीच म्हणत होता, सारखं विचारून डोकं खातात."

म्हणत होते. आम्ही मूळ मेसेज लावला. नवरीच्या आईचा आवाज, मागे रस्ता. 'गुरवार हाय, वशाट कराचा', मग श्वासाएवढी जागा, त्यात कुणाचा तरी हॉर्न, आणि 'नाय'. इकडची माणसं नाय दोन तऱ्हांनी म्हणतात. एक साधा नकार. दुसरा समोरच्याकडून होकार काढून घेणारा, आपण 'हो ना?' म्हणतो तसा. लिहिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

"ही विचारतेय," मी म्हटलं.

"सांगतेय. शेवटी आवाज खाली जातोय."

"तो हॉर्नखाली गेलाय."

पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी ती माझ्याकडे आली आणि मी तिच्याकडे. म्हणजे मला नकार ऐकू यायला लागला आणि तिला प्रश्न.

नवरीच्या आईला फोन लावला तर बंद. घरची सगळी कुलदेवीपुढे पत्रिका ठेवायला गेली होती. तिच्या भाऊबंदांना विचारता आलं असतं, पण आगरी घराच्या हळदीला मटण आहे का, हे विचारणंच अपमानाचं. विचारलं की दिवे लागायच्या आत गावभर होतं, यांच्याकडे यंदा पनीर. नवरा गेल्यावर हे पहिलं कार्य तिने एकटीने अंगावर घेतलं होतं, दिरांच्या डोळ्यांदेखत. मटण आलं नाही तर दीर म्हणणार, आम्हाला विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. आणि नको असताना आलं तर घरात सासू, ती गुरुवार कडक पाळते. दोन्हीकडून बोलणी तिनेच खायची होती.

खाटकाला फोन केला. तो म्हणाला, "उद्या सकाळी सांगा, तोवर बकरे थांबवतो. दुपारनंतर माझ्यावर नाही."

सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक नवी सोय होती. चौघांनी कोणत्या बाबतीत थांबून माणसाला विचारायचं, ते सांगून ठेवता येतं. मी लिहिलं, बोलण्यात नाय आलं की मला विचारा. थोड्याच वेळात फोन जुन्या दिवसांसारखा वाजायला लागला. टेम्पो मागल्या रस्त्याने आला तरी चालेल नाय. मंडप तोच घालनार नाय. भाकऱ्या गरम येतील नाय. जाऊ पदराने डोळे पुसत हसत होती.

"पनवेलात राहून नाय थांबवायला निघालात वहिनी."

नियम बदलला. नाय या शब्दामुळे एखादा पदार्थ गळत असेल, तरच विचारा. चौकडीने तो मुकाट्याने घेतला, मागची सगळी कामं त्या नियमाने तपासली आणि एकच प्रश्न माझ्यापुढे ठेवला: गुरुवारची हळद, मटण आहे की नाही? प्रश्न आता बरोबर माणसाकडे आला होता आणि त्या माणसाकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी दोनदा फोन लावला, बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून गावात गेले. मंडळी रात्रीच परतली होती. नवरीची आई मंडपाच्या बांबूंजवळ उभी होती, डोळे ओढलेले. मी मटण आहे का असं विचारलंच नाही. हेल्मेट काढलं, अंगणावर नजर फिरवली आणि म्हटलं, "मटणाची चूल कुठे लावायची?"

ती म्हणाली, "म्हंजे तुमाला गुरवारी चालंल ना? तेच इचारलं होतं तुमाला ताई, कराचा का नाय. तुमचा जबाबच आला नाय. रातभर डोल्याला डोला नाय लागला. म्हटलं, नको असंल म्हनून गप बसल्या."

"सासूबाईंचं काय?"

"त्याच बोलल्या, गाव जेवला पायजे. फकस्त या घरात वास नको. थोरलं दीर त्यांचा अंगन देतील, पन त्यांना मी कशी सांगू?"

मी तिच्यासमोरच खाटकाला फोन लावला आणि सांगितलं, बकरे घेऊन ये, पाचशे पानांचं मटण आहे. मग तिला म्हटलं, "चला, दिरांना मी सांगते." दोघी मिळून थोरल्या दिरांच्या अंगणात गेलो. ते दात घासत होते. मी विटा मागितल्या आणि चुलीची जागा आखायला घेतली.