हर्बसाहेबांची भावकी

हर्बसाहेबांना पूर्ण नाव विचारणं ही नवख्या माणसाची चूक असायची. एकदा केली की तो पुन्हा करत नसे. आडनाव ऐकून समोरच्याने नुसती भुवई उंचावली तरी ते खुर्ची ओढून बसायचे, आणि मग पाऊण तास त्या माणसाची सुटका नसायची. "हर्ब. अरबीमध्ये हर्ब म्हणजे लढाई. आणि जर्मनीत? जर्मनीतही हर्ब आहेत! तिकडे त्याचा अर्थ तुरट. आता तुम्हीच सांगा, दोन देशांत एकच नाव कसं?" समोरच्याला काही सांगायचं नसे. त्याला व्हिसाचा कागद हवा असे.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या पॅकेजिंगच्या कारखान्यात हर्बसाहेब पीआरओ होते. म्हणजे सगळ्यांचे व्हिसा, आयडी, मेडिकल, शिक्के हे त्यांचं काम. मी अ‍ॅडमिन सांभाळायचे, त्यामुळे माझी निम्मी कामं त्यांच्या बॅगेत अडकलेली असायची. साहेब लेबनॉनमध्ये जन्मलेले पॅलेस्टिनी. पासपोर्ट नव्हताच, एक प्रवासाचं कागदपत्र तेवढं होतं. लग्न केलेलं नव्हतं. तिकडे सैदा गावात एक बहीण होती. भाषा म्हणाल तर हिंदी, अरबी आणि इंग्रजी एकत्र घोटलेली, ती मी इथे मराठीत सांगते. कामगार त्यांना 'लडाईसाब' म्हणायचे. प्रत्यक्षात या माणसाने कुणाशी आवाज चढवलेला मी अकरा वर्षांत ऐकला नाही. चढवायचो ते आम्हीच.

त्यांच्याकडे एक निळी फाइल होती. तिच्यात जगभरचे हर्ब होते. कुठला फुटबॉल खेळणारा हर्ब, कुठला मंत्री, कुठला ऑस्ट्रियातला चित्र काढणारा, कुठला चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. डाव्या बाजूला अरब, उजव्या बाजूला जर्मन. नवा हर्ब सापडला की ते आधी माझ्या टेबलाशी येत. महिनाअखेर असो, ऑडिट असो. "मॅडम, एक डॉक्टर मिळाला!"

"साहेब, वेअरहाऊसच्या सहा जणांची मेडिकल राहिलीत."

"इन्शाल्ला होतील. आधी डॉक्टर बघा. दातांचा आहे."

एकदा माझी आई दुबईला आली होती. तिचा व्हिसा बारा दिवस उशिरा मिळाला, कारण काउंटरवरच्या माणसाला साहेब जर्मनी समजावत होते. तरी आईला राग नाही. उलट नाव ऐकून ती म्हणाली, "हर्ब काय, हरबा म्हण की. आमच्या गावात हरबा होता, बैलांना नाल ठोकायचा." मी हसत हसत हे साहेबांना सांगितलं आणि तिथेच फसले. दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये तिसरा रकाना आला, 'इंडिया'. पुढचा महिनाभर मला विचारणा होती: हरबाचे वडील कोण, ते लोक कुठून आले, घोड्यांवरून आले का? "साहेब, ते नुसतं नाव आहे. हरीचं हरबा." "बघा! तुम्हालाही नक्की माहीत नाही."

एवढी चिडचिड करूनही मी त्यांच्याविरुद्ध तक्रार का केली नाही, ते सांगते. तेव्हा व्हिसा पासपोर्टवर चिकटवून मिळायचा. माझा पासपोर्ट असाच व्हिसाच्या सरकारी ऑफिसात गेलेला असताना पुण्याहून दादाचा फोन आला. बाबांना अ‍ॅडमिट केलं होतं आणि डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं. मी साहेबांना फोन लावून हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, बॅग भरा." अडीच तासांत पासपोर्ट माझ्या दारात होता. गाडी चालवत होते मुकादमभाई. आमचे ड्रायव्हर, रत्नागिरीकडचे, साहेबांबरोबर सगळी ऑफिसं पालथी घालणारे. विमानतळाच्या वाटेवर मी त्यांना विचारलं, "एवढ्या लवकर कसं झालं?"

"ताई, आज साहेबांनी नावाची गोष्टच काढली नाही," मुकादमभाई म्हणाले. "काउंटरवाला मुद्दाम विचारत होता, काय हर्ब, जर्मनीवाले काय म्हणतात? तर साहेब म्हणाले, ते उद्या. आज एका मुलीचे वडील आजारी आहेत."

मला बाबांबरोबर दोन दिवस मिळाले. मी परत आल्यावर साहेब माझ्यासमोर बसले, हात पसरून बाबांसाठी दुवा मागितली. आणि मग, खरं सांगते, त्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "पुण्यात कुणी हर्ब?" मी डोकं धरलं.

पुढे त्यांनी पत्रं लिहायला घेतली. म्हणजे मला लिहायला लावली. इंटरनेटवरून जर्मनीतल्या तीस-पस्तीस हर्बांचे पत्ते काढले आणि प्रत्येकाला एकच मजकूर: आपण भाऊ आहोत, कदाचित हजार वर्षांपूर्वी आपला एक पूर्वज तिकडे गेला किंवा तुमचा इकडे आला, कृपया आजोबांचं नाव कळवावे. लंच टाइममध्ये मी हे इंग्रजीत टाइप करायचे आणि मनातल्या मनात दोन्हीकडच्या हर्बांना नावं ठेवायचे. घरी मुलीला, रेवाला सांगितलं, तर ती फोनवरून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट से नो." तिला सांगणं सोपं होतं.

तीन महिन्यांनी एकच उत्तर आलं. लहानशा गावातल्या, निवृत्त शिक्षिका असलेल्या एका बाईंचं. 'प्रिय श्री. हर्ब, तुमच्या पत्रात सात चुका आहेत. त्या मी लाल शाईने दाखवल्या आहेत. शिवाय हे आडनाव माझ्या दिवंगत नवऱ्याचं, माझं नव्हे. तरीही पत्र आवडलं.'

चुका माझ्या होत्या. मी संतापले. साहेबांना चुकांचं काही नव्हतं, पण बाई जन्माने हर्ब नाहीत हे वाचून त्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस फाइल उघडली नाही. तिसऱ्या दिवशी ते उजळलेल्या चेहऱ्याने आले. "मॅडम, मी विचार केला. आपण जन्माने हर्ब, त्यात आपली काय कमाई? या बाईंनी स्वतः होऊन नाव घेतलं. त्या आपल्यापेक्षा मोठ्या हर्ब."

अशी हर्बबाईंशी पत्रं सुरू झाली, मग मेल, मग फोनवर मेसेज. चार वर्षं. बाईंना दर पत्रात व्याकरण सुधारायचं असे, साहेबांना दर पत्रात पूर्वज हवा असे, आणि मध्ये मी. शेवटी बाईंनी त्यांना रीतसर निमंत्रण पाठवलं, पंधरा दिवस या म्हणून. साहेबांनी जर्मनीच्या व्हिसाचा अर्ज भरला. हजारो अर्ज भरलेल्या माणसाने स्वतःचा अर्ज तीनदा फाडून पुन्हा भरला. मुलाखतीला सूट घालून गेले.

नकार आला. अर्जदार परत जाईल याची खात्री पटत नाही, अशा अर्थाची एक ओळ. साहेबांनी कागद माझ्याकडे दिला, म्हणाले, "मला चष्मा सापडत नाही, तुम्ही वाचा." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी वाचलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "बरोबर आहे त्यांचं. मी परत जाईन, पण कुठे, ते कागदावर कुठे लिहिलंय?"

त्यानंतर काही दिवस त्यांनी कुणालाही नाव समजावलं नाही. कामं वेळेत व्हायला लागली. सहा-सहा मेडिकल एका दिवसात. मला याहून जास्त काय हवं होतं? पण रोज सकाळी ते कागद ठेवून न बोलता निघून गेले की मलाच राहवेना. मी विचारलं, "साहेब, नवा कुणी हर्ब?" ते म्हणाले, "खलास, मॅडम." मला त्याचाही राग आला.

त्याच सुमारास कंपनीने नियम बदलला. अमुक वयानंतर व्हिसा वाढवायचा नाही. साहेब त्या वयाच्या पुढे गेलेले. इथला व्हिसा नोकरीवर. नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा. त्यांच्या व्हिसा रद्द करण्याच्या अर्जावर अ‍ॅडमिन म्हणून सही माझी होती. तो अर्ज सरकारी ऑफिसात नेऊन देणारा पीआरओ मात्र तेच. मी म्हटलं, मुकादमभाईंना देते, तुम्ही जाऊ नका. तर म्हणाले, "त्याला रांग कुठली ते कळणार नाही. उगाच तुमचा कागद परत येईल." आणि बॅग उचलून गेले.

हे सगळं मी रागाच्या भरात हर्बबाईंना लिहिलं, चुकांची पर्वा न करता. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. 'ते येऊ शकत नसतील तर मी येते. मला एक गोष्ट समोर बसून सांगायची आहे.'

पंचाहत्तरीच्या पुढच्या बाई काठी टेकत दुबई विमानतळाच्या बाहेर आल्या. साहेब पाटी धरून उभे होते. पाटीवर अरबीत आणि इंग्रजीत 'हर्ब'. त्या दोघांनी एकमेकांचे फोटो शंभरदा पाहिलेले होते, तरी पाटी हवीच. बाईंनी पाटीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "वाकडी धरलीय."

साहेबांनी त्यांना बर दुबईला नेलं, अब्रा म्हणतात त्या नावेतून खाडी पार करवली आणि नाववाल्याला त्यांची ओळख "आमच्या घरातल्या" अशी करून दिली. मग आम्ही चौघं कारखान्याजवळच्या साहेबांच्या खोलीवर जेवायला गेलो. साहेबांनी मकलूबा केला होता. भात, वांगी आणि कोंबडी एका पातेल्यात शिजवून ते पातेलं परातीत उलटं करायचं. पातेलं उलटं झालं, भात न मोडता उभा राहिला, मुकादमभाई "माशाल्ला" म्हणाले, आणि नेमक्या त्याच वेळी बाईंनी पिशवीतून एक कागद काढला.

"त्यांना सांगा," त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "मी नवऱ्याच्या गावच्या चर्चमधल्या नोंदी तपासल्या. तीनशे वर्षांपर्यंत. सगळे शेतकरी, सगळे त्याच खोऱ्यातले. एकही माणूस पूर्वेकडून आलेला नाही. आपलं काही नातं नाही. हे पत्रात लिहिणं मला बरं वाटेना, म्हणून आले."

साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना निम्मं समजलं असावं, तरी ते माझ्या तोंडाची वाट पाहत होते. नोकरी गेली होती, तीन आठवड्यांनी देश सोडायचा होता, आणि आता हे. माझ्या जिभेवर आलं होतं, 'बाई म्हणतात अजून शोध चालू आहे.' कुणाचं काय बिघडणार होतं? पण बाई माझ्याकडे अशा पाहत होत्या, की लाल शाई जवळच असावी. मी जसंच्या तसं सांगितलं.

साहेबांनी डाव बाजूला ठेवला. मग विचारलं, "तीनशे वर्षं. आणि त्याच्या आधी?"

मी बाईंना विचारलं. बाई जरा अडखळल्या. "आधीचं रजिस्टर आगीत जळालं."

"हं!" साहेब ताठ बसले. "जळालं!"

"जळालं याचा अर्थ पुरावा नाही," बाईंनी टेबलावर बोट आपटलं.

"नाही. म्हणजे नातं नाही याचाही पुरावा नाही!"

पुढचा दीड तास मी भाषांतर करत होते. माझा भात गार झाला. मुकादमभाई शांतपणे तिसऱ्यांदा वाढून घेत होते. बाई लालबुंद झाल्या होत्या, साहेब बोटांवर शतकं मोजत होते. माझ्या मनात आलं, की या दोघांना एका खोलीत कोंडून आपण घरी जावं. शेवटी बाई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हट्टी माणूस. माझा नवरा अगदी असाच होता." याचं भाषांतर मी केल्यावर साहेबांनी त्यांना कोंबडीचा सगळ्यात चांगला तुकडा वाढला.

तीन आठवड्यांनी आम्ही साहेबांना विमानतळावर सोडलं. सामान एक बॅग, हातात निळी फाइल. निरोपाचं काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. ते चेक-इनच्या मुलाला 'हर्ब'चं स्पेलिंग समजावत होते, मागे रांग खोळंबली होती, आणि शेवटी मीच ओरडले, "साहेब, यल्ला, विमान जाईल!" त्यांनी वळून हात छातीवर ठेवला आणि आत गेले.

सैद्याहून ते मला आणि हर्बबाईंना रोज पहाटे मेसेज करायचे. वीज नाही, बहीण बरी आहे, एक नवा हर्ब मिळाला, मासेमारी करतो. हर्बबाईंनी मला एकदा विचारलं, 'हे नेहमीच असे आहेत का?' मी लिहिलं, 'हो.' मागच्या हिवाळ्यात मेसेज थांबले. आठवड्याने त्यांच्या भाच्याचा आला. झोपेतच गेले होते.

बाईंना मी कळवलं. महिनाभराने त्यांनी गावच्या लहानशा वर्तमानपत्राचं एक कात्रण फोटो काढून पाठवलं. तिकडे घरचं माणूस गेलं की चौकट छापून आणतात. मला जर्मन येत नाही. रेवाने फोन त्यावर धरून वाचलं, "नेम, बर्थप्लेस... अँड देन, आई, इट सेज ब्रदर-इन-लॉ."

दीर. मी पुन्हा वाचायला लावलं. तेच होतं.

मी बाईंना लिहिलं, 'तुम्ही तर म्हणाला होतात की पुरावा नाही.'

तासाभरात उत्तर आलं. 'पुरावा नाहीच. पण फॉर्मवर नात्याचा रकाना होता आणि मी रकाना रिकामा सोडत नाही. तुमच्या मेलमध्ये दोन चुका आहेत.'