काचेचं कौल

आमच्या पांढऱ्या मांजरीच्या कानांवर गाठी आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चामखीळ ती गो! काजूच्या टरफलाचं तेल लाव, गळून पडतली." मी ओरडलेच. त्या तेलानं माणसाची सालं निघतात, हिचं काय होईल! म्हापशाच्या डॉक्टरांनी गाठी कापल्या. कानांची टोकंही गेली. वर त्यांनी बजावलं, "हा उन्हानं होणारा कॅन्सर. यापुढे हिला ऊन लागता कामा नये."

पेडण्यात उन्हाला चुकवायचं कुठे? दिवसभर अंगणात लोळणाऱ्या तिला मी घरात कोंडलं. दारं-खिडक्या बंद. आत ती, आणि तिच्या राखणीला मी. कुणी दार उघडलं की दोघीही धावायचो, ती बाहेर पडायला आणि मी तिला धरायला. उंबऱ्यापलीकडे मीही जात नव्हते.

तरी तिनं ऊन शोधलंच. स्वयंपाकघराच्या छपरात उजेडासाठी एक काचेचं कौल होतं. दुपारी त्यातून जमिनीवर उन्हाचा चौकोन उतरायचा, आणि ती त्यात डोळे मिटून बसायची. शेवटी चिडून मी शिडी लावली आणि त्या काचेला काळा रंग फासला.

आता मी भरदुपारी दिवा लावून जेवण रांधते. ती मात्र त्याच वेळी येते आणि त्याच जागी बसते, डोळे मिटून.