कालवडी रुळल्या तो उन्हाळा

सासरे गेले त्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं होतं. आमचं शेत करमाळ्याच्या बाहेर, थोडंसंच. बांधावर उभं राहिलं की कमलाभवानीच्या दीपमाळांची टोकं दिसतात. मामा, म्हणजे माझे सासरे, दवाखान्यात होते तेव्हा मी रोज तिकडं तोंड करून हात जोडायची. अनवाणी देवळात गेले, ओटी भरली, पदर पसरून मागितलं. तरी मामा गेले. त्यानंतर बांधावर गेले तरी मी त्या बाजूला पाठ करून उभी राहायची. राग म्हणावा तर रागही नव्हता. तिकडं ऐकणारं कुणी आहे, हेच खरं वाटेनासं झालं होतं.

त्याहून अवघड दुखणं होतं ते आत्यांचं. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. मामा असताना आत्यांचा दिवस गोठ्यात उजाडायचा आणि गोठ्यातच मावळायचा. मामा धार काढायला बसले की आत्या गाईच्या गळ्याखाली खाजवत तिला गावभरच्या गोष्टी सांगायच्या, आणि मामा मान वर न करता म्हणायचे, "तिला दूध तरी देऊ दे की! का बोलून बोलून आटवतीस?" नवी नवरी होते तेव्हा हे ऐकून मी तोंडाला पदर लावून हसायची. चुलीवर तापणाऱ्या दुधाचा वास, कडब्याचा वास आणि त्या दोघांचं ते रोजचं लटकं भांडण, ह्यातच माझं सासर मला आवडायला लागलं. मामांच्या आजारपणात गाय सांभाळणं होईना, म्हणून ती नात्यात देऊन टाकली. मामा गेल्यावर आत्यांनी ओसरीवरची बाज धरली. समोरच्या रिकाम्या दावणीकडं बघत बसायच्या. अर्धी भाकरी खायच्या, विचारलं तेवढ्याला मान हलवायच्या.

त्यांचं मन लागावं म्हणून आमच्या मालकांनी दोन कालवडी आणायचं ठरवलं. अक्कलकोटच्या पलीकडं, हद्दीजवळच्या एका खेड्यात एक म्हातारं जोडपं मुलाकडं शहरात राहायला निघालं होतं. त्यांच्या खिलार कालवडी ओळखीतल्या एकानं मिळवून दिल्या. टेंपो दारात आला तेव्हा मी भाकरतुकडा ओवाळून टाकला, खुरांवर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं. थोरली जरा धीट होती. धाकटी पांढरीशुभ्र, डोळे काजळ घातल्यासारखे, आणि पाय सारखे थरथरत होते. आत्यांनी बाजेवरून एकदा पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

नवी जनावरं पहिल्या दिवशी बुजतात, हे मला माहीत होतं. पण ह्या दोघींनी दावणीला तोंडच लावलं नाही. हिरवी मका आणून टाकली, पेंड भिजवून ठेवली, पाण्यात गूळ घालून पाहिला. थोरली नाइलाजानं चार काड्या चघळायची. धाकटी नुसती मान खाली घालून उभी. मी जवळ गेले की अंग आक्रसून भिंतीला टेकायची. आधीच्या मालकांना फोन लावला तर तो बंद. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, "ताप नाही, पोटही चांगलं आहे. नव्या जागेचा धसका घेतलाय. पण पाणी तरी पोटात जायला पाहिजे." त्यांनी सलाइन लावलं, औषध दिलं. धाकटीला थोडी तरतरी आली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बसकण मारली. उठवून उठेना. डोळे खोल गेले होते.

तेव्हा आत्या बोलल्या. कितीतरी दिवसांनी आपणहून बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य. "हीबी जातीय बघ. ह्या घरात आता काय टिकत न्हाय."

ते शब्द माझ्या काळजात रुतले. मालक पुन्हा डॉक्टरांना आणायला गावात गेले होते. मी बादली तशीच ठेवून बांधावर आले आणि लिंबाच्या सावलीत रडले. डोळे पुसायला पदर वर केला, तर समोर दीपमाळा. पाठ फिरवायचंही त्राण उरलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "आई, मला जमेल ते करून झालं. आता तुझं तू बघ." त्या बोलण्यात भक्ती होती का, आजही सांगता येणार नाही. दमलेलं माणूस डोक्यावरचं ओझं खाली टाकतं, तसं ते होतं.

परत आले तर आमच्या वाटेच्या तोंडाशी एक जीप कलंडल्यासारखी उभी. चाक पंक्चर झालेलं. आतली माणसं खाली उतरून रस्ता कुणामुळं चुकला ह्यावर तावातावानं भांडत होती. देवीला निघालेली ती मंडळी वळण चुकून भलतीकडं, आमच्या वाटेला आली होती. त्यांच्यातली एक ठेंगणी, पोक्त बाई कळशी घेऊन माझ्याकडं आली. "पाणी मिळंल का ओ, अक्का?" बोलण्याचा हेल कानडी होता. मी तिला हौदाकडं नेलं. वाटेत गोठा. बसलेली धाकटी दिसताच ती थांबली.

"अय्यो, काय झालं ओ हिला?"

"काही खात नाही, पीत नाही. तुमच्याच बाजूची आहे, अक्कलकोटकडची."

बाईनं कळशी खाली ठेवली, ती कालवडीपुढं उकिडवी बसली आणि आपल्या लेकीशी बोलावं तशी बोलायला लागली, "बा यव्वा, बा. नीर कुडी."

मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते. धाकटीचे दोन्ही कान एकदम उभे राहिले. तिनं मान वर केली आणि त्या बाईकडं पाहत हंबरली. आमच्या दारात आल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बाईनं बादली पुढं सरकवली, पुन्हा तेच शब्द म्हणाली, आणि धाकटीनं पाण्यात तोंड घातलं.

"ये बाई, पाणी पी, एवढंच म्हटलं की ओ मी," बाई माझ्याकडं बघून हसली. "कानडी घरात वाढलेली दिसते. तुम्ही काय बोलता, तिला कसं कळावं?"

मागं पावलं वाजली. वळून बघते तर आत्या. कुणाचा हात न धरता ओसरी उतरून आल्या होत्या. "काय म्हनलासा तुमी? परत म्हना की." बाईनं म्हणून दाखवलं. आत्या गोठ्यात टेकल्या, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "बा येवा." "येवा न्हाय ओ, यव्वा, यव्वा!" बाई खळखळून हसली, आणि तिच्याबरोबर आत्याही हसल्या. थोरलीनं दाव्याला ताण देऊन आत्यांच्या खांद्याला तोंड लावलं. आत्यांचा हात आपोआप तिच्या गळ्याखाली गेला.

चाक बदलून होईपर्यंत दोघी तिथंच बसल्या. आत्यांनी खा, ऊठ, चल असे चार-पाच शब्द घोकून घेतले. मी भाकरी आणि शेंगाचटणी दिली, ती बाईनं मिटक्या मारत खाल्ली. मग जीपमधून हाका आल्या, घाईघाईनं ती गेली. नंतर कधी भेट झाली नाही. ती तुमच्या-माझ्यासारखीच संसारी बाई होती. रस्ता चुकली नसती तर आमच्या दारात आली नसती, एवढं मात्र खरं.

डॉक्टर आले तोवर धाकटी उभी होती. त्या दिवशी तिन्हीसांजेला आत्या माझ्या शेजारी जेवायला बसल्या, अख्खी भाकरी खाल्ली. म्हणाल्या, "तू धरनाकाठच्या म्हायेरातनं आलतीस तवा असंच केलतंस. ताटावर बसून नुसती रडायचीस. मग ह्येंनी कुटनंतरी मासळी आनली, तुज्या आईवानी कालवन केलं, तवा जेवलीस." मामांचं नाव निघालं आणि त्या रडल्या नाहीत, हेही मी पहिल्यांदाच पाहत होते.

आता त्या कालवडींना वासरं झाली आहेत. आत्याही नाहीत. त्यांनी त्या दोघींना वाढवलं, मराठी शिकवलं, स्वतः तोडकंमोडकं कानडी बोलल्या, आणि बेंदराला त्यांची शिंगं रंगवताना आपलंच लुगडं रंगवून घेतलं. गोठ्यात शिरले की ते सगळे दिवस माझ्याभोवती जमा होतात. मामांना मी मागितलं होतं, ते मिळाले नाहीत. जे मागायचं मला सुचलंही नव्हतं, ते मात्र पाण्याची कळशी घेऊन दारात आलं. देवीनं का दिलं नाही आणि का दिलं, हा हिशोब मी आता तिच्याकडं मागत नाही.

कालवडी रुळल्यावर आत्यांना घेऊन मी देवळात गेले होते. कितीतरी महिन्यांनी गाभाऱ्यासमोर उभी राहिले, डोळे मिटले आणि नुसतं बरं वाटत राहिलं. बाहेर ओवरीत टेकल्यावर आत्यांनी विचारलं, "काय मागितलंस?"

"काहीच नाही, आत्या."

आत्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "ब्येस केलंस," म्हणाल्या. "तिलाबी जरा इसावा."