पायावरची निळी फुली

दारात कुणी पायांवर पाणी ओतलं की अजूनही मी आधी त्या पावलांकडे बघते. नव्वदच्या दशकात आम्ही महाळुंगे पडवळला राहायचो. बिडीपायी वडिलांच्या डाव्या पायाची रक्तवाहिनी बंद पडत चालली होती. अंगठा काळा पडलेला, पाऊल विहिरीतल्या दगडासारखं गार. मंचरच्या डॉक्टरांनी जेली लावून छोटं मशीन पावलावर फिरवलं. बराच वेळ नुसती खरखर, मग एका जागी रक्ताचा बारीक फुसफुस आवाज आला. तिथं त्यांनी पेनानं निळी फुली काढली. "उद्या पुण्याचे सर्जन येऊन या फुलीवरच तपासतील. आवाज मिळाला तर पाय राखता येईल. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून औषधावर संशोधन चालू आहे, तोवर टिकला पाहिजे." वडिलांनी विचारलं, "बटाट्याला कोंब फुटत्यात तसं व्हय?" डॉक्टर हसले. घरी पोचलो, तर दवाखान्यातून आलेल्याचे पाय धुवायचे म्हणून आईनं उंबऱ्याबाहेरच तांब्याभर पाणी ओतलं, पाऊल हातानं चोळलंही. फुली गेली. "आता रगत कुठं हाय ते कुनाला घावायचं?" वडील ओलं पाऊल न्याहाळत म्हणाले. मी खाली बसून त्या गार पावलावर बोट दाबत राहिले. अखेर बोटाखाली काहीतरी उडलं. "घावलं!" मी ओरडले आणि पेनानं तिथं फुली काढली. मग लक्षात आलं, माझ्या कानशिलातही अगदी त्याच लयीत ठोके पडत होते; बोटाखाली उडलं ते माझंच रक्त असावं. आणि आई-वडील दोघंही जीव भांड्यात पडल्यासारखी माझ्याकडे बघून हसत होती.