गंजीचा चौथा कोपरा

मूर्तिजापूर स्टेशनवर अहमदाबादची गाडी यायची होती आणि बाबा बाकावरच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "आमचा थोरला पाऊस मोजाले चालला." तो म्हणाला, "मोजाले? मंग पाडाले कोन हाय?" बाबा हसले, मी नाही. घरातला पहिला पदवीधर होतो, चेष्टा सोसत नव्हती. धाकटा विलास माझी बॅग खांद्यावर घेऊन उभा होता. त्याला माझा हेवा वाटत होता, ते मला दिसत होतं आणि बरंही वाटत होतं.

आता उलटं झालंय.

तुम्ही गावाकडचे विचारता, करतोस तरी काय? तर ऐका. जमिनीतून मायक्रोवेव्ह लहरी सतत वर जात असतात. ढगाच्या माथ्यावरचं बर्फ त्या विखरून टाकतं, म्हणून उपग्रहाला ती जागा गार दिसते. पण त्यावरून पाऊस किती, हे कसं कळणार? त्यासाठी आम्ही संगणकात ढीगभर ढग आधीच वाढवून ठेवलेत. खोटे, पण निसर्गाच्या नियमाने वाढलेले. उपग्रहाला दिसलं ते ज्या ढगांशी जुळेल, त्यांच्याखाली जेवढा पाऊस, तेवढा इथं पडला म्हणायचं. काम चोख आहे, मला त्याचा अभिमान आहे. फक्त त्यात सदरा भिजत नाही.

यंदा सोयाबीन कापून वावरात गंजी लागली होती. डेटात आमच्या भागावर जोराचा पाऊस दिसला. एसीतून फोन लावला.

"बाबा, पाऊस झाला ना तिकडं?"

"झाला ना बाप्पा! पडून गेलेला पाऊस तं म्हशीलेबी समजते. तू आता सांगून राहिला?"

मागे हसणं चाललं होतं. ओल्या अंगानं चहा. विलास चिखलात कसा आपटला ते त्याची बायको सांगत होती, आणि माय म्हणत होती, "पुरे वं बाई, हासून हासून पोट दुखते." माझा अंदाज बरोबर निघाला होता आणि मी इकडे जळत होतो.

कारण गंजीवर पाऊस आला की आमच्याकडे ताडपत्रीचा ज्याचा त्याचा कोपरा ठरलेला. वाऱ्याच्या अंगाचा माझा. तिथं जोर लागतो. मी होतो तोवर तो दुसऱ्या कोणी धरला नाही. मी विलासला फोनवर बोलावलं.

"माझा कोपरा कोणी धरला रे? तुझ्या बायकोनं?"

"तिनं मायचा धरला. मायचे गुडघे धरले. तुह्या कोपऱ्यावर दगड ठेवतो आमी."

"दगड?"

"वावराच्या धुऱ्यावरचा, बांधावरचा. चांगला हाय. हालत नाही."

माझ्यासारखे निघून गेलेले कोणी हे वाचत असतील, तर त्यांना पटेल: माणूस दगडावरही जळू शकतो. तो तिथं आहे. पाऊस आला की घरच्यांना त्याची आठवण होते. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच उरलंय, जिथं माझ्या बदल्यात काहीतरी ठेवावं लागतं ती जागा.

"दिवाळीत येतो," मी म्हणालो, "आणि तो दगड उचलून नाल्यात फेकतो."

"फेक ना दादा," विलास म्हणाला. "फक्त वापस जाच्या आधी आनून ठेवजो."